मौनाच्या रंगांचा साधक : वासुदेव गायतोंडे

बुलडाणा : जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे पाहता पाहता जगभर पोहोचली. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा बदल घडल्याचे पुढे शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. मात्र, तो रंग पाहताना हे कशाचे चित्र आहे, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. डोळे भरून रंग पाहिला आणि मन शांत झाले, एवढेच पुरेसे होते. रंगाला आपले म्हणणे सांगण्यासाठी दरवेळी झाड, डोंगर वा माणूस यांचा आधार लागतोच असे नाही. हीच साधी गोष्ट कॅनव्हासवर उतरविण्यासाठी विदर्भाच्या भूमीत जन्मलेल्या एका चित्रकाराने आपले अवघे आयुष्य वेचले. त्याचे नाव वासुदेव संतू गायतोंडे.

बुलडाणा, खामगाव, मलकापूर, चिखली यांसारख्या गावांत आज अनेक हौशी चित्रकार आहेत. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी दुकानात. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या असतात, पुढे संसाराच्या रगाड्यात ब्रश सुटतो आणि चाळिशीच्या आसपास तो पुन्हा हाती येतो. मग पोस्टर रंग, जलरंग, ॲक्रिलिक, तैलरंग, प्रसंगी दाराला लावायचा एनॅमलसुद्धा वापरून पाहिला जातो. निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र यांचा कंटाळा आला की पावले अमूर्ताकडे वळतात. येथेच एक गैरसमज बळावतो. हुबेहूब काढणे अवघड आणि अमूर्त मात्र सोपे, असे वाटू लागते. गायतोंडे यांचे आयुष्य हा गैरसमज मुळापासून उखडून टाकणारे आहे.

नागपूर ते गिरगाव

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. पुढे हे कुटुंब मुंबईत आले आणि गिरगावातील चाळीच्या खोल्यांत वासुदेवचे बालपण सरले. गिरगाव त्या काळी मराठी मध्यमवर्गाचे हृदय होते. गणेशोत्सव, नाटक, भजन, वाचनालये आणि चाळीतला अखंड शेजार यांनी गजबजलेल्या या वस्तीत, एकांत ही चैनीची वस्तू होती. अशा कोलाहलात वाढलेल्या मुलाने पुढे मौन हाच आपल्या कलेचा प्राण मानावा, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

चित्रकला हे पोट भरण्याचे साधन होऊ शकते, यावर त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांचा विश्वास नव्हता. सरकारी नोकरी किंवा एखाद्या पेढीतील कारकुनी हीच सुरक्षित वाट समजली जाई. गायतोंडे यांच्या घरीही त्यांच्या निवडीला अनुकूलता नव्हती. विशेषतः वडिलांची नाराजी होती. मात्र, मुलगा हटला नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्याने प्रवेश घेतला आणि १९४८ साली पदविका मिळविली. या निर्णयाची किंमत त्यांना मोजावी लागली. कुटुंबाशी असलेले नाते हळूहळू विरळ होत गेले. त्यांनी विवाह केला नाही. नात्यांचा गोतावळा जमविण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

परंपरेच्या अंगणात

अमूर्त चित्रकार म्हटला की त्याला रेखाटन येत नसावे, अशी शंका सामान्य रसिक घेतो. गायतोंडे यांच्याबाबत ती पूर्णतः निराधार आहे. जे. जे. मध्ये जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे भारतीय शैलीचे शिक्षक होते. शंकर पळशीकर यांच्यासारखे चिंतनशील कलावंतही तेथे होते. या परंपरेत गायतोंडे यांची जडणघडण झाली. लघुचित्रांमधील सपाट रंग, त्यांतील बारीक रेषा, आकृतीभोवती सोडलेली जागा यांचा त्यांनी कसून अभ्यास केला. त्यांच्या आरंभीच्या चित्रांत माणसे आहेत, पक्षी आहेत, घरे आहेत. जलरंगात आणि अपारदर्शक रंगांत केलेली ही चित्रे पाहिली की या चित्रकाराचा हात किती सधलेला होता, याची खात्री पटते.

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे हे त्याचे संस्थापक. या सहा जणांपैकी रझा यांचे कलाशिक्षण नागपुरात झाले होते, तर गाडे हे अमरावती जिल्ह्यातले. आरा यांची कथा तर हौशी चित्रकाराने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. घरकाम करून आणि मोटारी धुऊन गुजराण करणारा हा माणूस कोणत्याही कलाशाळेच्या पदवीविना देशातील अग्रगण्य चित्रकारांत जाऊन बसला. १९५० च्या सुमारास गायतोंडे या गटाच्या वर्तुळात आले. मात्र, जाहीरनामे, वादविवाद आणि गटबाजी यांत ते रमले नाहीत. सूझा यांच्या चित्रांत संताप होता, हुसेन यांच्या चित्रांत गती होती. गायतोंडे यांना या दोहोंचे आकर्षण नव्हते. ते गटात असूनही एकटेच होते.

आकृती विरघळली

पन्नासच्या दशकात स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ली यांच्या चित्रांचा गायतोंडे यांच्यावर खोल परिणाम झाला. क्ली यांची रेषा लहान मुलासारखी निरागस भासते, पण तिच्यामागे संगीताची शिस्त असते. त्या रेषेने गायतोंडे यांना एक दार उघडून दिले. चित्रातील माणूस हा माणूस म्हणून नव्हे, तर एक आकार म्हणून ते पाहू लागले. मग आकारांचीही गरज उरली नाही. प्रथम आकृतीची बाह्यरेषा सैल झाली, पुढे ती चिन्हांत बदलली आणि दशक संपता संपता कॅनव्हासवर केवळ रंग, पोत आणि प्रकाश उरला.

हा बदल एका रात्रीत झाला नाही, ही बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. जवळपास दहा वर्षे ते एकेक गोष्ट वजा करीत गेले. चित्रात भर घालणे सोपे असते, काढून टाकणे कठीण. आपल्याला उत्तम जमणारी गोष्ट सोडून देणे तर त्याहून कठीण. त्यांनी सुरेख रेषा कमावली होती आणि तीच त्यांनी सोडली.

याच काळात त्यांना मान्यताही मिळू लागली. १९५७ साली टोकियो येथे भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पुरस्कार मिळाला. जपानशी जडलेला हा संबंध पुढे वेगळ्या अर्थाने फळला. झेन बौद्ध विचाराकडे ते ओढले गेले. रिकामी जागा म्हणजे उणीव नव्हे, तर तीही बोलते, हा झेनचा विचार त्यांच्या वृत्तीला मानवणारा होता. रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांचे साहित्यही त्यांनी वाचले. गिरगावाच्या शेजारी खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज यांच्याकडेही ते जात. विडीचे दुकान चालविणाऱ्या या साध्या गृहस्थाश्रमी ज्ञानी पुरुषाकडे देशोदेशीचे जिज्ञासू येत असत. या साऱ्या चिंतनाचे गायतोंडे यांनी प्रवचन केले नाही, की चित्रात देवदेवता वा धार्मिक चिन्हे काढली नाहीत. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घेणेही त्यांना फारसे रुचत नसे. वस्तूशी संबंध नसलेली चित्रे, असे वर्णन त्यांना अधिक जवळचे वाटे. बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकही दिले नाही.

भुलाभाईंच्या वास्तूतील खोली

मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट हे त्या काळातील कलावंतांचे अनोखे आश्रयस्थान होते. नाममात्र भाड्यात तेथे चित्रकारांना काम करायला जागा मिळे. एका खोलीत हुसेन, दुसऱ्या खोलीत गायतोंडे, तर त्याच वास्तूत रविशंकर यांच्या सतारीचे वर्ग आणि इब्राहिम अल्काझी यांच्या नाटकांच्या तालमी. एकाच छताखाली रंग, सूर आणि शब्द नांदत होते. नसरीन मोहम्मदी ही तरुण चित्रकर्ती तेथेच गायतोंडे यांच्या सहवासात आली. पुढे केवळ रेषांच्या बळावर भारतीय कलेत स्वतंत्र स्थान मिळविणाऱ्या नसरीन यांच्यावर या सहवासाचा ठसा उमटला, असे कलेचे अभ्यासक मानतात.

गायतोंडे यांची दिनचर्या पाहणाऱ्याला हा चित्रकार काम तरी केव्हा करतो, असा प्रश्न पडे. तासन्‌तास ते कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून राहत. समुद्राकडे पाहत. हिंदुस्थानी संगीताबरोबरच पाश्चात्त्य अभिजात संगीतही ऐकत. चित्रपट, नाटक आणि वाचन यांचीही त्यांना मनापासून आवड होती. वर्षाकाठी त्यांच्या हातून पाच-सहा चित्रेच पूर्ण होत. बाजाराच्या हिशेबाने हा तोट्याचा व्यवहार होता. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे चित्र काढणे वा भिंतीच्या मापाने कॅनव्हास भरणे त्यांना मंजूर नव्हते. घराची ओढाताण आणि पैशाची चणचण असतानाही त्यांनी ही अट मोडली नाही.

त्यांच्या चित्रांची पारख ज्यांनी लवकर केली, त्यांत एका शास्त्रज्ञाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा हे स्वतः हौशी चित्रकार होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी तत्कालीन तरुण भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेतली. त्या संग्रहात गायतोंडे यांच्याही चित्रांचा समावेश झाला. गणित आणि भौतिकशास्त्र यांत बुडालेल्या संशोधकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ही निःशब्द चित्रे लागली, हे उचितच झाले.

रोलर, सुरी आणि जवसाचे तेल

गायतोंडे यांचे तंत्र हा हौशी चित्रकारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ब्रश हे चित्रकाराचे मुख्य हत्यार मानले जाते. गायतोंडे यांनी त्याला दुय्यम स्थान दिले. रंग पसरविण्यासाठी ते रोलर वापरीत आणि तो खरवडण्यासाठी पॅलेट नाइफ म्हणजे रंगकामाची सुरी. वर्तमानपत्रे आणि मासिके यांच्या कागदांचे फाडलेले वा कापलेले तुकडे ते रंगावर दाबत आणि उचलून घेत. कागदाबरोबर काही रंग निघून येई, काही मागे राही. त्यातून जे आकार उमटत ते कोणत्याही ज्ञात वस्तूचे नसत, पण कोणत्या तरी विसरलेल्या लिपीची अक्षरे असावीत, असा भास होई.

तैलरंगात रंगाची पूड बहुधा जवसाच्या तेलात घोटलेली असते. विदर्भातील घराघरांत ज्याची चटणी खाल्ली जाते तेच हे जवस. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि त्याचा घट्ट पापुद्रा बनतो. या क्रियेला वेळ लागतो. वरून कोरडा वाटणारा थर आत कित्येक आठवडे ओला असतो. त्यामुळे तैलरंगात एकावर एक थर चढवायचे तर संयम हवा. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक, हा तैलचित्रणाचा जुना नियम आहे. तो मोडला की वरचा थर आधी आक्रसतो आणि कालांतराने चित्राला भेगा पडतात. गायतोंडे यांनी रंग पातळ करून त्याचे अर्धपारदर्शक थर एकावर एक चढविले. खालच्या थरावरून परतणारा प्रकाश वरच्या थरांतून गाळून बाहेर येतो. म्हणूनच त्यांच्या चित्रातील प्रकाश बाहेरून पडलेला वाटत नाही, तो आतून पाझरतो.

यात अपघाताला जागा होती, मात्र बेफिकिरीला नव्हती. रोलर फिरविल्यावर किंवा कागद उचलल्यावर नेमके काय उमटेल, हे आधी पूर्णपणे सांगता येत नसे. मात्र, जे उमटले ते ठेवायचे की पुसायचे, याचा निर्णय चित्रकाराचा असे. त्या निर्णयासाठी ते दिवसेंदिवस थांबत. रंगाने केलेला अपघात आणि मनाने केलेली निवड या दोहोंच्या संगमातून ही चित्रे घडली.

न्यूयॉर्कचे वारे

साठच्या दशकाच्या आरंभी गायतोंडे यांचे नाव सागरापार पोहोचले होते. १९६३ साली अमेरिकी चित्रकार मॉरिस ग्रेव्हज भारतात आले असताना त्यांनी गायतोंडे यांची चित्रे पाहिली आणि ते भारावून गेले. न्यूयॉर्कमधील विलार्ड गॅलरीकडे त्यांनी गायतोंडे यांच्यासाठी शब्द टाकला. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळवून गायतोंडे न्यूयॉर्कला गेले आणि १९६५ साली विलार्ड गॅलरीत त्यांचे एकल प्रदर्शन भरले.

त्या वेळचे न्यूयॉर्क हे आधुनिक कलेचे केंद्र होते. मार्क रॉथको यांच्या भव्य रंगपटांशी गायतोंडे यांचा तेथे परिचय झाला. पुढे अनेक समीक्षकांनी या दोघांची तुलना केली. मात्र, गायतोंडे यांनी अमूर्ताची वाट अमेरिकेत जाण्यापूर्वीच धरली होती, हे त्यांच्या पन्नासच्या दशकाच्या अखेरच्या चित्रांवरून सिद्ध होते. न्यूयॉर्कने त्यांना वाट दाखविली नाही. आपण चाललो ती वाट बरोबर आहे, असा विश्वास मात्र दिला. तेथे स्थायिक होण्याचा मोह त्या काळी अनेक भारतीय चित्रकारांना पडला. गायतोंडे मायदेशी परतले.

परतल्यानंतर त्यांच्या चित्रांत ठळक बदल दिसू लागला. पूर्वीचे आडवे, क्षितिजाची आठवण करून देणारे कॅनव्हास मागे पडले आणि माणसाच्या उंचीशी नाते सांगणारे उभे कॅनव्हास आले. अशा चित्रासमोर उभा राहणारा प्रेक्षक जणू दारासमोर उभा असतो. १९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

दिल्लीचा एकांत

१९७२ साली गायतोंडे यांनी मुंबई सोडली आणि ते दिल्लीला गेले. निजामुद्दीन भागातील गच्चीवरच्या छोट्या जागेत त्यांनी आपला संसार थाटला. संसार म्हणजे रंग, रोलर, पुस्तके, तबकड्या आणि चार कपडे. दिल्लीत दूतावासांच्या मेजवान्या, सरकारी समित्या आणि पुरस्कारांची उतरंड यांत वावरणारा कलावंतांचा एक वर्ग होता. गायतोंडे त्यापासून दूर राहिले. प्रदर्शनांच्या उद्घाटनाला ते क्वचितच जात. मोजके मित्र, दीर्घ फेरफटके आणि न संपणारे चिंतन एवढेच त्यांचे जग होते. सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या आरंभी त्यांनी केलेली चित्रे आज त्यांच्या कारकिर्दीचे शिखर मानली जातात. मातकट पिवळा, राखाडी, शेवाळी हिरवा, तांबूस नारिंगी असे रंग त्यांनी स्वतंत्रपणे हाताळले. एका चित्रात बहुधा एकाच रंगाच्या अनेक छटांचे राज्य असे.

आणि नेमक्या याच वळणावर आघात झाला. १९८४ साली एका रस्ता अपघातात त्यांना गंभीर इजा झाली. मानेवर कायमचा परिणाम राहिला. वयाची साठी गाठलेल्या, एकट्या राहणाऱ्या या माणसाला पाच-सहा फूट उंचीच्या कॅनव्हाससमोर उभे राहून जड रोलर फिरविणे अशक्य झाले. ज्या हातांवर आणि ज्या उभ्या देहावर त्यांची कला अवलंबून होती, तेच साथ देईनात.

अशा प्रसंगी दोन मार्ग होते. नावाच्या बळावर साहाय्यकांच्या हातून चित्रे करवून घ्यावीत किंवा जुन्याच चित्रांच्या आवृत्त्या काढाव्यात. गायतोंडे यांनी दोन्ही मार्ग नाकारले. कित्येक वर्षे त्यांनी मोठे तैलचित्र केलेच नाही. बाहेरच्या जगाला वाटले की हा चित्रकार संपला. प्रत्यक्षात ते कागद आणि शाई घेऊन बसले होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी लहान कागदांवर काळ्या शाईची रेखाटने केली. कधी जोमदार, कधी कापऱ्या अशा त्या खुणा म्हणजे एखाद्या अज्ञात भाषेतील पत्रेच होत. जखमी देहाला झेपेल तेवढेच माध्यम त्यांनी निवडले आणि त्यातही आपला दर्जा सोडला नाही. माध्यम बदलणे म्हणजे हार मानणे नव्हे, हे या शाईच्या कामांनी दाखवून दिले.

दशकाच्या अखेरीस ते पुन्हा तैलरंगांकडे वळले. मध्य प्रदेश शासनाचा प्रतिष्ठेचा कालिदास सन्मानही त्यांना याच सुमारास प्राप्त झाला. नव्वदच्या दशकात सुनील काळदाते यांनी त्यांच्यावर एक लघुपट केला. त्यात हा अबोल चित्रकार आपल्या खोलीत, आपल्या गतीने वावरताना दिसतो. अखेरच्या काही वर्षांत चित्रे काढणे जवळपास थांबले. तरीही चित्र आपल्या मनात चालूच असते, अशीच त्यांची धारणा होती. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. गाडे यांचेही निधन त्याच वर्षी झाले. विदर्भाशी नाते सांगणारे दोन आधुनिक चित्रकार एकाच वर्षी काळाच्या पडद्याआड गेले.

मृत्यूनंतरचा गाजावाजा

हयातीत प्रसिद्धीपासून पळणाऱ्या गायतोंडे यांच्यामागे मृत्यूनंतर प्रसिद्धी धावत आली. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या क्रिस्टीज या संस्थेच्या लिलावात त्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. भारतीय आधुनिक चित्राला मिळालेली तोवरची ती विक्रमी किंमत होती. २०२१ साली १९६१ मधील चित्राला ३९.९८ कोटी, तर सप्टेंबर २०२५ मध्ये १९७० मधील चित्राला ६७.०८ कोटी रुपये मिळाले. गच्चीवरच्या खोलीत साधेपणाने जगलेल्या माणसाच्या नावापुढे लागलेले हे आकडे पाहून मन सुन्न होते. यातील एक पैसाही त्यांच्या वाट्याला आला नाही. अर्थात तो आला असता तरी त्यांच्या दिनक्रमात काही फरक पडला असता, असे त्यांचे आयुष्य पाहता वाटत नाही.

पैशापेक्षा मोलाचा गौरव न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने केला. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात तेथे गायतोंडे यांच्या समग्र कारकिर्दीचा वेध घेणारे प्रदर्शन भरले. पुढे ते व्हेनिसलाही गेले. मराठीत मात्र त्यांच्याविषयी दीर्घकाळ फारसे लिहिले गेले नव्हते. ही उणीव सतीश नाईक यांच्या चिन्ह प्रकाशनाने २०१६ साली त्यांच्यावरील बृहद्ग्रंथ काढून भरून काढली. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली.

हौशी हातांसाठी वारसा

आज रंगांची दुकाने पूर्वीपेक्षा कितीतरी समृद्ध आहेत. गायतोंडे यांच्या तरुणपणी दुर्मीळ असलेले ॲक्रिलिक रंग आता तालुक्याच्या गावीही मिळतात. ते पाण्यात मिसळतात आणि काही मिनिटांत वाळतात. त्यामुळे दोन तासांच्या फावल्या वेळात चित्र पूर्ण करता येते. मात्र, हीच त्यांची मर्यादाही आहे. विचार करायला ते सवड देत नाहीत. तैलरंग महागडे आणि सावकाश, पण चित्रकाराला थांबायला शिकविणारे. वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चढविता येतो, तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र टिकत नाही. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो. तो एकदा झाकला की परत मिळविणे कठीण. एनॅमलची चकाकी वेगळीच. मराठी चित्रकार प्रभाकर बरवे यांनी याच रंगाला कॅनव्हासवर मानाचे स्थान मिळवून दिले. प्रत्येक रंगाचा असा स्वभाव असतो आणि तो ओळखल्याशिवाय प्रयोगाला अर्थ येत नाही.

गायतोंडे यांनीही जलरंग, अपारदर्शक रंग, तैलरंग आणि शाई ही माध्यमे हाताळली. मात्र, ती नावीन्याच्या हव्यासापोटी बदलली नाहीत. मनातील गोष्ट जुन्या माध्यमात मावेना किंवा देह साथ देईना, तेव्हाच त्यांनी नवे माध्यम जवळ केले. कागद दाबून रंग उचलण्याची त्यांची क्लृप्ती कोणालाही एका दुपारी शिकता येईल. परंतु त्या कागदाखालून जे उमटले त्याकडे दिवसेंदिवस पाहत राहण्याची आणि ते मनाजोगते नसेल तर निर्दयपणे पुसून टाकण्याची तयारी एका दुपारी येत नाही.

हौशी चित्रकाराला एका बाबतीत गायतोंडे यांच्याहून अधिक मोकळीक आहे. त्याचे घर चित्रांच्या विक्रीवर चालत नाही. जी स्वायत्तता राखण्यासाठी गायतोंडे यांनी घर, नाती, पैसा आणि सुखसोयी यांवर पाणी सोडले, ती हौशी माणसाला रविवारच्या सकाळी आपसूक लाभलेली असते. कोणाला आवडेल, प्रदर्शनात लागेल का, याची चिंता न करता तो कॅनव्हाससमोर बसू शकतो. ही मोकळीक वापरायची की घाईघाईने दहा चित्रे उरकून ती भिंतीवर टांगायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. गायतोंडे यांनी वर्षाला पाच-सहाच चित्रे पुरी केली आणि तेवढ्यावर ते समाधानी राहिले.